कावळे पुरत नाहीत

वर्षश्राद्धाचं जेवण अंगावर येतं. खीर, वडे आणि आक्कांचा आग्रह, तिन्ही पचवण्याचं माझं वय राहिलेलं नाही. म्हणून जेवणं झाल्यावर मी बोंद्रेच्याच घरात, बाहेरच्या खोलीत, बोंद्रेच्याच दिवाणावर आडवा झालोय. दुपार कलायला अजून अवकाश आहे. वर छताला पाळण्याची कडी आहे. या घरातल्या जुन्या वस्तू एकेक करून भंगारात गेल्या, छतसुद्धा नवं झालं, पण ही लोखंडी कडी दर दिवाळीला रंगाचा हात घेऊन तिथंच आहे. तिच्याकडं बघत मी पापण्या जड होऊ देतोय.

आतून, भांडी घासण्याच्या आवाजातून, आक्कांचा आवाज येतो. आक्का म्हणजे बोंद्रेची थोरली बहीण. त्यांच्यापुढं तेजू बसलेली असणार. बोंद्रेची एकुलती मुलगी, बापाच्या वर्षश्राद्धाला पुण्याहून आलेली.

"पोरी, मी माझ्या मनचं सांगत न्हाई. तुझ्या बापाची इच्छा हाय ती. कावळ्यानं सांगितलंय."

"आत्या, कावळा बोलतो का कधी?"

"दहाव्याला मी बोलले आणि पिंडाला शिवला का न्हाई? सगळा घाट बघत हुता. इंगवले भाऊजींना इचार. उठू देत, चहाच्या वक्ताला त्यांच्याच तोंडून ऐक. ते हो म्हटले की तू आणि जावईबापूंनी डॉक्टरकडं जायाचं. मग मी गप."

आपल्याला मूल नको हे तेजूनं आणि तिच्या नवऱ्यानं लग्नाआधीच ठरवलेलं. पण गेलं वर्षभर असा एक सण गेला नसेल की आक्कांचा फोन गेला नाही. आणि आता तेजू 'बाबांची इच्छाच असेल तर' एवढं म्हणते आणि पुढचं वाक्य सोडून देते. सोडलेलं वाक्य धोक्याचं. माणूस तिथंच सही करतो.

आणि साक्षीदार कोण, तर मी. आयुष्यभर सहकारी संस्थांचे हिशेब तपासले, त्यात भलभलते साक्षीदार बघितले, पण कावळ्याच्या वतीनं बोलायची वेळ कधी आली नव्हती. वैताग नुसता. मी कूस बदलतो. कडी जरा धूसर होते.

"सरक जरा," बोंद्रे म्हणतो.

तो उशाशी बसलाय. अर्ध्या बाह्यांचा तोच शर्ट, खिशाला खडूची पूड. हातात अडकित्ता.

"तू वारलायस," मी म्हणतो.

"माहीत आहे मला. त्यावर चर्चा नको. सरक."

मी सरकतो. भूगोलाचे सर आणि हिशेब तपासनीस, आम्ही दोघांनी या दिवाणावर आधी सुट्टीच्या आणि निवृत्तीनंतर सगळ्याच दुपारी एकाच वादात घालवल्या. त्याचं म्हणणं, जमीन तेवढीच, नदी तेवढीच, आणि माणसं मात्र थांबायला तयार नाहीत. माझं म्हणणं, तू तोंडं मोजतोस, ताटं मोजत नाहीस. वादाचा नियमही ठरलेला. जो हरेल त्यानं सुपारी कातरून अर्धी दुसऱ्याच्या तळहातावर ठेवायची. हा नियम तेजूनं शाळेत असताना घालून दिला, कारण आम्ही भांडत बसायचो आणि तिचा अभ्यास व्हायचा नाही. नियम चांगला होता. फक्त हरायला कुणी तयार नव्हतं, त्यामुळं आपापली सुपारी आपण खायची.

"तिनं तुला विचारलं तर काय सांगणार आहेस?" बोंद्रे विचारतो.

"जे बघितलं ते. आक्का बोलल्या, कावळा शिवला."

"हेच. हेच तुझं आयुष्यभर. कागदाला कागद जुळला की तुझी तपासणी झाली."

तो उठतो आणि भिंतीवरच्या तक्त्यावर छडी टेकवतो. दिवाणाला बाक जोडलेत. मी बाकावर बसलोय, गुडघे बाकात मावत नाहीत. तक्त्यावर लोकसंख्येची लाल रेघ आहे, खालून निघून वर चढत गेलेली. ही रेघ बोंद्रेनं वर्गात लावली होती ते ठीक, पण त्यानं तीच घरी जेवणाच्या टेबलासमोरही लावली. तेजूनं या रेघेकडं बघत आमटीभात खाल्लाय.

"बघ, कुठं चालली ती," तो म्हणतो. रेघ तक्ता सोडून भिंतीवर चढलीय, छतापर्यंत, पाळण्याच्या कडीपर्यंत.

"रेघ राहू दे. तू रोज पाइप लावून स्कूटर धुवायचास, त्याची रेघ कुठाय? मागच्या गल्लीत एवढ्या मोठ्या कुटुंबाला एक नळ, आणि तुझ्याकडं माणसं तीन आणि बोअर कुठवर खाली गेलेली."

"स्कूटर स्वच्छ ठेवू नको काय?"

"ठेव की. पण मग पाणी त्यांनी संपवलं म्हणू नकोस."

"इंगवले, तू वादात नेहमी माझ्या न्हाणीघरात शिरतोस."

"तिथंच खरा हिशेब असतो म्हणून."

बाकावर पत्रावळ आहे. सगळ्यांच्याच पुढं आहे. नदीच्या कोरड्या पात्रात पंगत बसलीय, या काठापासून त्या काठापर्यंत, आणि बसलेल्यांच्या पाठीमागं पुढच्या पंगतीचे लोक उभे आहेत. उभ्या माणसाची नजर मानेवर जाणवत असताना घास उतरत नाही, हे लग्नात जेवलेल्या कुणालाही ठाऊक आहे. उठाल कधी, असं ती नजर विचारते. इथं तर उभे असलेले मागच्या टेकड्यांपर्यंत गेलेत.

"मागं बघ किती," बोंद्रे चिडून म्हणतो. "आता तरी पटलं?"

"तू पुढं बघ." माझ्या समोरच्या ओळीत आग्रह चाललाय. नको नको म्हणणाऱ्याच्या पानात जिलेबी पडतेय, तो एक तुकडा मोडून बाकीची बाजूला सारतोय. शेजारच्याच्या पानात तर मठ्ठ्याच्या तळ्यात तीन लाडू बुडालेत. "हे उचललं तर मागचे किती जेवतील?"

"उचलून सगळे जेवतील?"

सगळे जेवतील असं मला वाटत नाही, पण हे त्याला सांगायची घाई नाही.

वाढायला आक्का येतात. हातात डाव, पदर खोचलेला. वयानं विशीतल्या, पण आवाज आजचाच. ओळीनं वाढत बोंद्रेपर्यंत येतात आणि थांबतात. त्याच्यापुढं पत्रावळ नाही. नुसती वाळू.

"माझं पान?" बोंद्रे विचारतो.

"तू सातवा. सातव्याचं पान मांडलेलं न्हाई," आक्का म्हणतात. "तुझ्याच तक्त्यात बघ की."

"आक्का, थट्टा नको. भूक लागलीय."

"मग आईला सांग. दोघांवर थांब म्हणून तूच म्हणत हुतास. ती थांबली आसती तर मी पाचवी पण नसते, वाढलं आसतं कुणी?" आणि त्या पुढच्या पानाला डाव लावतात.

मला हसू आवरत नाही. हा माणूस भर सभेत माणसं जास्त झाली असं म्हणायचा, तेव्हा स्वतःला त्यात धरायचा नाही. कुणीच धरत नाही. गर्दी म्हणजे कायम दुसऱ्यांची पोरं. मी माझ्या पानातली अर्धी भाकरी त्याच्यापुढं सरकवतो. तो ती घेत नाही, पण बघून ठेवतो.

"हस," तो म्हणतो. "आता तुला जे दाखवायला आलोय ते बघ."

पंगत तीच आहे, पण पानांवर आता पिंड आहेत. भाताचे गोळे, तीळ लावलेले, ओळीनं. घाट. पंचगंगेचं पाणी पायरीला लागलंय. मागं उभे असलेले लोक टक्कल केलेले, हातात टॉवेल धरलेले, आणि सगळ्यांच्या माना वर. पलीकडं देवळाच्या शिखरावर कावळे बसलेत. थोडेच आहेत.

मी हा दिवस ओळखतो. बोंद्रेचा दहावा. पिंडाला कावळा शिवला की गेलेल्याचं मन कशात अडकलेलं नाही असं धरायचं, आणि नाही शिवला तर जिवंतांनी एकेक कबूल करत जायचं, बरोबर इच्छेवर बोट पडेपर्यंत. त्या दिवशी कावळा काही केल्या येईना. कुणी म्हणालं, सर, तुमची पुस्तकं शाळेला देऊ. कुणी म्हणालं, बोअरवर कुलूप घालू. मी म्हणालो, तुझं म्हणणं बरोबर होतं असं धरून चालतो. त्यालाही नाही आला. शेवटी आक्का पुढं झाल्या, हात जोडून म्हणाल्या, 'तुझ्या तेजूच्या पोटी लेकरू येईल, ती जबाबदारी माझी.' आणि कावळा उतरला.

आता मी पायरीवर बसून तेच बघतोय आणि शेजारी बोंद्रे स्वतःच्या दहाव्याला आलाय.

"पिंड मोज," तो म्हणतो. "आता कावळे मोज."

"कमी आहेत."

"कमीच होत चाललेत. झाडं गेली, घरटी गेली. आणि मरणारी माणसं वाढली. घाटाची पायरी पुरत नाही, कावळे पुरत नाहीत. आता बघ."

शिखरावरून एक कावळा उठतो. घाटाच्या त्या टोकाला कुण्या व्यापाऱ्याच्या पिंडाशेजारी बुंदी ठेवलीय, तिथं बसतो. मग शेजारच्या पिंडावर. तिथं शेव आहे. ओळीनं, वाढप्यानं यावं तसा, एकेक पिंड करत तो इकडं सरकतोय. लोक कळवळून काय काय कबूल करताहेत. जमिनीची वाटणी, भावाशी बोलणं, दारू सोडणं. कावळ्याची चोच शेवेत आहे.

"आक्का बोलल्या तेव्हा आपला नंबर आला होता," बोंद्रे म्हणतो. "एवढंच. एक कावळा, इतके पिंड, तो रांगेनं आला. त्यानं त्या वेळी, बोंद्रेला दिवाळीत नवा बनियन देऊ, हे ऐकलं असतं तरी तो बसलाच असता. आणि त्या जोरावर माझ्या पोरीला डॉक्टरकडं पाठवताय."

"मी नाही पाठवत."

"गप बसणं म्हणजे काय असतं, हे हिशेब तपासणाऱ्याला मी सांगू?"

कावळा आमच्या पिंडावर उतरतो. मागं आक्का डोळ्याला पदर लावतात. तेजू त्यांच्या शेजारी उभी आहे, तिचा चेहरा कुणीच बघत नाहीये. त्या दिवशीही बघितला नव्हता. ती कावळ्याकडं बघत नाहीये. ती बापाच्या फोटोकडं बघतेय, शिक्षा झालेल्या मुलीनं सरांकडं बघावं तशी.

"बरं," मी म्हणतो. "कावळा रांगेनं आला, मान्य. पण इच्छा काय होती तुझी?"

"काही नव्हती."

"बोंद्रे."

"नव्हती म्हटलं ना."

"मग ती कडी कशाला ठेवलीस?"

आम्ही दिवाणावर बसलोय. कडी आमच्या डोक्यावर, पांढऱ्या रंगात जाड झालेली.

"छताचं काम निघालं तेव्हा मी इथंच होतो," मी म्हणतो. "गवंडी म्हणाला, सर, ही कापून टाकू, आता कोण पाळणा टांगतंय. तू त्याच्यावर खेकसलास. मग म्हणालास, पंख्याला उपयोगी पडेल. पंखा तिकडच्या कोपऱ्यात आहे."

"तू काय काय लक्षात ठेवतोस रे."

"तोच धंदा माझा."

बोंद्रे अडकित्ता उघडतो, मिटतो. वर्गात एखादं पोर नापास झालं की त्याचा चेहरा असा व्हायचा, जणू पेपर त्यानंच लिहिला होता.

"होती," तो म्हणतो. "झालं समाधान? आयुष्यभर तक्ता दाखवला आणि शेवटी काय हवं होतं, तर हिथं पाळणा. दुपारी तू बडबडत असताना मी ह्या दिवाणावर बसून एका पायानं झोका द्यावा. मला माझाच इतका राग येतो, इंगवले."

"म्हणजे कावळा बरोबर होता."

"होता. म्हणून तर डोकं फिरलंय. ती इच्छा माझ्या पानातली. मी ती टाकून उठलो. माझं उष्टं तिच्या पानात कशाला वाढताय?"

"आणि तक्ता?"

"तक्ता वर्गाला होता. तेजू काय वर्ग आहे?"

"तिला कसं कळणार ते? तू तिला जेवताना तोच वाढलास. ती नको म्हणतेय ते तिचं की तुझं, हेही तिला कळेना झालं असेल."

हे त्याला लागतं. तो आधी रेघेकडं बघतो, मग कडीकडं. नदीचं पाणी दिवाणाच्या पायांना लागलंय, पण आम्हा दोघांना त्याचं काही वाटत नाही.

"दोन्ही माझंच," तो म्हणतो. "रेघ माझी, कडी माझी. पोरीला मधे जागाच ठेवली नाही. सांग तिला. दोन्ही उचल म्हणावं पानातून. मग हवं ते घे, नको ते घेऊ नको."

"मी सांगू? स्वप्नात येऊन सांगितलं म्हणून? आक्का कावळ्यावर विश्वास ठेवतील, माझ्यावर नाही."

"आक्काचं सोड. तेजूला पटेल."

"कसं?"

तो अडकित्त्यात सुपारी धरतो. कट्ट असा आवाज होतो.

"हात कर पुढं," तो म्हणतो, वैतागून, नाइलाजानं. "पण पाण्याचं माझंच बरोबर होतं."

मी हात पुढं करतो.

कट्ट. आत कुणीतरी कपबशी ठेवलीय.

मी जागा होतो. तोंड कोरडं पडलंय, वर कडी आहे. उन्हाची तिरीप दिवाणाच्या पायापाशी आलीय, फरशी कोरडी आहे. आक्का आतून विचारताहेत, "उठले का गं भाऊजी? बोलाव त्यांना. काय ते आत्ताच होऊन जाऊ दे."

तेजू चहा घेऊन येते. कप माझ्यापुढं धरते आणि हलक्या आवाजात म्हणते, "काका, आत्या विचारणार आहेत तुम्हाला."

कप घ्यायला मी मूठ सोडतो. तळहातावर अर्धी सुपारी आहे. ताजी कातरलेली, कापलेल्या बाजूला पांढऱ्या-तांबड्या रेषा ओल्या. या घरात वर्षभर सुपारी आलेली नाही. अडकित्ता तेजूच्या पुण्याच्या घरी, कपाटात आहे.

तेजू बघते. कप तिच्या हातातच राहतो. मग ती दिवाणाच्या कडेला बसते, लहानपणी आम्हाला दटावायला बसायची तशी.

"कोण हरलं?" ती विचारते.

"तुझा बाप," मी म्हणतो. "दोन्ही बाजूंनी. ऐक, सांगतो. आक्कांना म्हणावं, चहा गार होऊ दे."