अण्णांची धाकटी

अण्णांना ‘मशीन मोकळं आहे का?’ असं विचारलं, की ते तोंडानं ‘आहे’ म्हणत आणि मान नकारार्थी हलवत. झाशीतल्या ठेकेदारांत यावरून दोन तट पडले होते. एक जिभेवर भरवसा ठेवणारे, दुसरे मानेवर. दोघेही सारखेच तोंडघशी पडत.

शहरातल्या नगरा भागात पत्र्याच्या शेडखाली त्यांचा भाड्यानं द्यायचा रोलर, मिक्सर आणि खोदाईचं एक छोटं मशीन उभं असे. त्या मशीनला ते ‘धाकटी’ म्हणत. ओरछा गेटच्या ज्या गल्ल्यांत मोठा जेसीबी शिरत नाही, तिथं ही सहज जाई, म्हणून लोक हेलपाटे सोसूनही अण्णांकडेच येत. मुलगी द्यायची असावी तशी ते चौकशी करीत. घर कुणाचं, शेजारी कसे, जमिनीखाली काय. एकाला सांगत, “खड्डा पाडायला घटकाभर, बुजवायला जन्म जातो.” पाठोपाठ आलेल्या दुसऱ्याला म्हणत, “खड्ड्याचं काय मोठंसं, भैया? आज पाडला, उद्या बुजवला.” यातलं खरं कुठलं, हे मला अजून कळलेलं नाही.

मी तिथं जाऊन बसे, कारण आम्हाला अंगणात भिंत घालायची होती. वडील गेल्यावर सिविल लाइंसमधलं घर दादानं आणि मी वाटून घेतलं. खोल्या निमूट वाटल्या गेल्या. अंगणातल्या हापशावर गाडं अडलं. झाशीचा उन्हाळा ज्यानं काढलाय, त्याला हापसा म्हणजे काय ते सांगायला नको. आमचं बोलणं बंद झालं. भिंत घालून एकदाचं मोकळं व्हावं, एवढ्यावर मात्र एकमत होतं. फाटक अरुंद, म्हणजे पाया खणायला धाकटीच हवी.

“वाटणीच्या कामाला एकट्याला मशीन देत नसतो, बेटा. दोघं या,” अण्णा म्हणाले. मग दादाच्या स्कूटरवर मागे तोंड फुगवून बसणं आलं. दोघं गेलो, तर धाकटीचा पाइप फुटलेला. पुन्हा गेलो, तर ऑपरेटर मेव्हणीच्या लग्नाला बबीन्याला. एकदा तर आमच्या डोळ्यांदेखत धाकटी दुसऱ्या कुणाच्या कामावर निघाली. अण्णा शांतपणे म्हणाले, “तिची तब्येत बरी नाही रे. हवा बदलायला पाठवली.”

परतताना दादा पुटपुटला, “वेडा आहे हा माणूस.”

“बनेल आहे,” मी म्हणालो.

कितीतरी दिवसांनी आम्ही एकमेकांशी बोललो होतो. घरापर्यंत अण्णांना शिव्या घालत आलो. पुढच्या खेपेला वाटेत चहालाही थांबलो.

एके दिवशी अण्णा स्वतःच चुन्याची पिशवी घेऊन आले. फाटकापासून त्यांनी सरळ पांढरी रेघ ओढली आणि हापशापाशी थांबले. दादानं हापसलं, अण्णा ओंजळीनं पाणी प्याले.

“हा कुणाकडे?”

“माझ्याकडे,” आम्ही दोघं एकदम म्हणालो.

“हो, हो,” अण्णा नकारार्थी मान हलवत म्हणाले. “ठरलं की सांगा. पुढची रेघ तेव्हा.” आणि निघून गेले.

हे सगळं त्यांनी मुद्दाम केलं का? तसं मानावं, तर सेप्टिक टँकसाठी आलेल्या एका डॉक्टरांनाही त्यांनी असंच फिरवलं होतं. तिथं काही भाऊबंदकी नव्हती. विचारायचं राहून गेलं. थंडीत अण्णा झोपेतच गेले. आम्ही दोघांनी खांदा दिला.

तेरावा झाला आणि दुसऱ्याच दिवशी त्यांच्या मुलाचा फोन आला. “भाईसाहब, बाबूजीकडे तुमचं काम अटकलं होतं ना? सकाळी मशीन पाठवतो.” आणि खरोखरच पाठवलं. धाकटी वेळेवर आली! फाटकातून आत शिरून उरल्यासुरल्या पांढऱ्या रेघेवरून हापशापर्यंत सरकली आणि थांबली. ऑपरेटर वरून ओरडला, “भैया, आंगे किते खोदने?” पुढं कुठं खणायचं, हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं.

मी दादाकडे पाहिलं. दादा हापशाकडे बघत होता.

“थांब जरा,” तो म्हणाला, “अण्णांना विचारून येतो.” आणि खिशातून स्कूटरची किल्ली काढली.

मला अण्णांचा भयंकर राग आला आणि त्याच वेळी रडूही आलं, कारण तोवर मीही पायांत चपला सरकवल्या होत्या.