रस्त्याकडे पाठ करून बसलेली बाई

मी मेडशीच्या शाळेत चित्रकला शिकवतो. मेडशीच्या पलीकडे, हमरस्त्यापासून दोन किलोमीटर आत आमचं गाव आहे. अमरावतीला राहून मी चित्रकलेची पदविका घेतली, माणसाच्या शरीराची मापं शिकलो, आणि पुढची बावीस वर्षं पोरांना तांब्या, वांगं आणि उगवता सूर्य काढायला शिकवण्यात घालवली. ह्याचं मला फारसं दुःख नव्हतं. गावात चित्रं काढणारा मी एकटाच होतो, आणि एकटा असण्यात एक सुख असतं.

मला एक नाद आहे. जगात ठिकठिकाणी लोकांनी चौकात आणि रस्त्याकडेला जे विचित्र पुतळे उभारले आहेत, त्यांचे फोटो मी मोबाइलमध्ये जमवतो. वाळवंटात मनगटापर्यंत गाडलेला, बोटं आभाळाकडे केलेला प्रचंड हात. फुटपाथवरच्या गटाराच्या तोंडातून अर्धा वर आलेला आणि हातांवर हनुवटी टेकून येणाऱ्या-जाणाऱ्यांकडे पाहणारा कामगार. घराएवढा उंच नुसता अंगठा. भरतीला बुडणारी आणि ओहोटीला पुन्हा दिसणारी लोखंडी माणसं. असे दोन-तीनशे फोटो असतील. मी ते फाट्यावरच्या चहाच्या टपरीवर लोकांना दाखवायचो. लोक म्हणायचे, "काहीबी करतेत बाप्पा हे लोक," आणि सोयाबीनच्या भावाकडे वळायचे.

एकच माणूस नीट पाहायचा. तो गवंडी. चौथीपर्यंत आम्ही एका पट्टीवर बसलो होतो, पण मला नोकरी लागली तेव्हापासून तो मला सर म्हणतो. घरं बांधता बांधता तो गच्चीवरच्या पाण्याच्या टाक्यांना फुटबॉलचा, विमानाचा आकार द्यायला शिकला होता. त्याच्या टाक्या पाहून मी मनातल्या मनात हसायचो.

"हा हात वाळूतून काहून निंगाला सर? बाकीचा माणूस कुठं हाये?" तो विचारायचा.

"बाकीचा नाहीच. कल्पना आहे ती."

"अन् तिथं पाहाले कोण येते?"

गटारातल्या कामगाराचा फोटो मात्र तो सोडेना. दोन बोटांनी मोठा करून त्याने त्याची कोपरं पाहिली, टोपी पाहिली. मग म्हणाला, "हा कामावर हाये का आराम करून राह्यला?"

"दोन्ही," मी उगाच म्हणालो.

"दोन्ही बरं," तो म्हणाला, आणि फोटो पुन्हा मोठा केला.

मग एका वर्षी रस्ता रुंद झाला आणि फाट्यावर एखादा पुतळा असावा असं गावाच्या मनात आलं. साहजिकच लोक माझ्याकडे आले. मी चार महिने रेखाटनं केली. उंच चौथऱ्यावर उभा शेतकरी, खांद्यावर नांगर, नजर दूर क्षितिजाकडे. डोक्याच्या साडेसातपट उंची, अगदी मापात. बैठकीत सगळ्यांना तो आवडला आणि पुढच्या बैठकीत त्याचा विषयच निघाला नाही. मी वाट पाहत राहिलो.

गवंड्याने कोणाला विचारलं नाही. फाट्याला लागून त्याची स्वतःची एक चिंचोळी पट्टी आहे, दरवर्षी तूर असते. दिवाळीनंतर तिच्या बांधावर त्याने सळया उभ्या केल्या, त्यावर कोंबड्यांच्या खुराड्याची जाळी गुंडाळली आणि सिमेंट थापायला सुरुवात केली. मला वाटलं, टाकी बांधतो आहे. महिन्याभराने शाळेत जाताना पाहिलं तर तिथे एक बाई उकिडवी बसली होती. बसलेलीच आठ-नऊ फूट उंच. निंदणारी, शेतातलं तण काढणारी बाई. डोक्यावर पदर, लुगड्याचा काचा खोचलेला, एका हातात विळा, आणि दुसरा हात मागे नेऊन कमरेवर दाबलेला. तोंड शेताकडे. रस्त्याकडे तिने चक्क पाठ केली होती.

टपरीवर पहिल्या दिवशी सगळे हसले. "अबे, लोकायकडं पाठ काहून केली?" मीही हसलो, सगळ्यांपेक्षा जरा जास्तच. पण हसता हसता मी तिचा मागचा हात पाहत होतो. कमरेवर दाबलेल्या त्या हाताचा अंगठा पुढे आणि चार बोटं मागे होती. निंदणाऱ्या बाया उठताना अगदी असाच हात ठेवतात. हे मी हजारदा पाहिलं होतं आणि एकदाही काढलं नव्हतं.

पंधरा दिवसांत लोकांचं हसणं थांबलं. मोटारी थांबायला लागल्या. अकोल्याकडून पोहरादेवीला निघालेली माणसं उतरून फोटो काढायची. मजुरीला जाणाऱ्या बाया तिच्या सावलीत डबे ठेवू लागल्या. आणि मग एक दिवस वाशीमहून येताना एसटीच्या कंडक्टरने हाक दिली, "चला, निंदणारी! निंदणारीवाले उतरा!" बावीस वर्षं मी ज्या फाट्यावर उतरत आलो, त्याला एका महिन्यात नवीन नाव मिळालं होतं, आणि मलाही तिथंच उतरावं लागलं.

घरी आल्यावर मी बायकोला पुतळ्यातले दोष समजावून सांगितले. मान आखूड आहे. पाठ मापापेक्षा लांब आहे. पावलं तर नाहीतच म्हणायची. तिने भाकरी थापता थापता ऐकून घेतलं.

"जळून राह्यले तुमी," ती म्हणाली. "च्या ठेवू का?"

मी रागावलो. जळण्यासारखं त्यात आहेच काय, असं बरंच बोललो. पण त्या दिवसापासून मी सायकल फाट्यावरून न नेता मागच्या पांदीने, शेतांमधल्या वाटेने न्यायला लागलो. पुढून ती बाई कशी दिसते हे पाहायलाही मी कधी गेलो नाही.

मग वाशीमचा एक वार्ताहर आला. गावात चित्रकलेचे शिक्षक आहेत म्हटल्यावर त्याने माझं मत विचारलं. मी म्हणालो, "प्रयत्न चांगला आहे. पण शरीरशास्त्राचं ज्ञान नसल्यामुळे पाठ प्रमाणाबाहेर लांब झाली आहे." ते तसंच छापून आलं. बातमीच्या शेवटी, चौकटीत. सकाळी ते वाचून मला बरं वाटलं, हे मी कबूल करतो. दुपारपर्यंत बरं वाटत होतं.

दुपारी गवंडी घरी आला. हातात छन्नी, हातोडी आणि टेप. मला वाटलं भांडायला आला आहे.

"सर, पाठ लांब झाली म्हणे. पेपरात वाचून दाखवलं मले. किती लांब झाली? खडूनं खूण करून द्या. छाटून टाकतो."

त्याच्या बोलण्यात टोमणा नव्हता. मी तो पुष्कळ शोधला. नाइलाजाने खडू घेऊन त्याच्यासोबत निघालो.

शिडी लावून मी त्या पाठीजवळ पोचलो. जवळून सिमेंटवर त्याच्या तळहाताच्या खुणा दिसत होत्या. मी टेप लावला, हिशेब केला. माझं बरोबर होतं, वीतभर पाठ जास्त होती. खाली निंदायला आलेल्या तीन-चार बाया जेवत होत्या. त्यांत जी वयस्कर होती तिने विचारलं, "काय करून राह्यले रे?"

"पाठ लांब झाली म्हणते सर," गवंडी म्हणाला. "कमी करतो."

ती घास तसाच हातात धरून वर माझ्याकडे पाहू लागली. "सर, एक दिवस निंदून पाहा. सांजेले पाठ किती लांब होते ते समजन तुमाले."

बाकीच्या बाया हसल्या. मी शिडीवरून उतरलो. लाज वाटली म्हणून त्यांच्याकडे न जाता दुसऱ्या बाजूने गेलो, आणि पहिल्यांदाच पुतळ्याच्या समोर आलो. तुरीतून मान वर करून पाहिलं. पदराखाली चेहरा नव्हता. नुसता गुळगुळीत गोळा होता.

गवंडी मागोमाग आला. खाली पाहत म्हणाला, "तीन खेप केला सर. तिन्ही खेपा फोडला. तोंड मले जमतच नाही. म्हून तर पाठ केली रस्त्याकडं."

त्या क्षणी मला झालेला आनंद चांगल्या माणसाचा नव्हता. चेहरे मला येतात. आयुष्यात नीट येणारी तेवढी एकच गोष्ट.

"मंग, कुठून छाटू?" त्याने विचारलं.

"राहू दे."

"म्हंजे चुकलं नाही?"

छान झालंय असं म्हणायला मला एक श्वास पुरला असता. मी म्हणालो, "चुकलंय. पण राहू दे."

तो "बरं" म्हणाला आणि शिडी खांद्यावर घेऊन गेला.

उन्हाळ्यात त्याला कामरगावहून बोलावणं आलं. तिथल्या बाजाराच्या जागी काहीतरी करून हवं होतं. शेतावरून आलेला माणूस दगडावर बसून बुटातला खडा झटकतो आहे, असं त्याच्या मनात होतं. असा पुतळा मी माझ्या दोन-तीनशे फोटोंत पाहिलेला नव्हता, आणि मला सुचलाही नसता. तो म्हणाला, "ह्याचं तोंड लोकायकडं ठेवा लागते सर. तुमी करून देता का?"

मी शाळेच्या कामाचं निमित्त सांगितलं. आठ दिवस तेच सांगत राहिलो. नवव्या दिवशी बायकोने माझा डबा भरून ठेवला आणि म्हणाली, "कामरगावची जीप साडेसातले हाये."

तीन रविवार मी त्या चेहऱ्यावर काम केलं. एक डोळा बारीक केलेला, खालचा ओठ दातात धरलेला, खडा कुठे अडकला आहे ते शोधणारा माणूस. खाली गवंडी उघड्या पायाचं काम करत होता. तो मधूनच वर पाहून म्हणायचा, "जिवंत झाला सर." मी खाली पाहत नव्हतो.

काम उरकलं त्या दिवशी बाजार होता. लोक जमले. एक म्हातारा काठी टेकत पुढे आला आणि पुतळ्याच्या वर उचललेल्या टाचेपाशी थांबला. गवंड्याने तिथे तारेच्या टोकाने भेगा पाडल्या होत्या, खोल, वाकड्या, आत माती गेलेल्या. म्हाताऱ्याने एका भेगेत बोट घातलं. मग चप्पल काढून स्वतःची टाच वळवून पाहिली. "माह्याच हायेत," तो शेजारच्याला म्हणाला. लोक खदखदून हसले आणि सगळेच ती टाच पाहायला वाकले.

"बाबा, तोंड सरायनं केलं," गवंडी माझ्याकडे हात करून म्हणाला.

म्हाताऱ्याने मान वर केली. "हाव, बरं हाये," म्हणाला, आणि पुन्हा टाचेकडे वाकला.

सिमेंटने माखलेले हात घेऊन मी तिथेच उभा होतो. ती टाच मला जमली नसती. गवंड्याला हे मी अजून सांगितलेलं नाही. पुढच्या कामाला मात्र त्याने विचारलं तेव्हा मी लगेच हो म्हणालो.