जपानकाकांची गाडी आणि काकूंच्या दुपारी

जपानकाका जपानला कधी गेलेले नव्हते. जपानी माणूस त्यांनी समोरासमोर एकदाच पाहिला होता, आणि तोही चौकशीअंती कोरियाचा निघाला. पण इमारतीखाली कव्हर घालून ठेवलेली पांढरी गाडी ज्या जपानी कंपनीने बनवली, तिला ते 'आमची कंपनी' म्हणत. ऐकणाऱ्याला वाटावं, हे सकाळी नाश्ता करून तिथेच कामाला जातात. प्रत्यक्षात ते स्वतःच्या दुकानात जात. गाड्यांच्या सीटांना कव्हरं शिवायचं त्यांचं दुकान होतं. कंपनीचं नाव इथे न घेतलेलंच बरं. काकांच्या कानावर गेलं, तर ते इतिहास पहिल्यापासून सुरू करतील.

हा इतिहास गाडीसोबत आलेल्या पुस्तिकेतला. तिची मधली पानं वाळवीने खाल्ली होती, ती काकांनी स्वतःच्या डोक्यातून भरून काढली होती. कंपनीचा मूळ मालक म्हणे छत्र्यांच्या काड्या बनवायचा. मग त्याने पहिली गाडी बनवली, फेरी मारायला निघाला आणि पहिल्याच वळणावर गाडीचं दार निखळून रस्त्यात पडलं. मालकाने अन्न सोडलं. घरात बसून नुसता दाराचा विचार. काका इथे थांबायचे, आपल्या गाडीचं दार उघडायचे आणि लावायचे. धप्प!

"ऐकलंत? हा त्या माणसाच्या उपासाचा आवाज आहे."

काकूंनी हा उपास इतक्यांदा ऐकला होता, की त्यांना त्या मालकाच्या बायकोची काळजी वाटायची. बिचारी स्वयंपाक करून ताटकळत बसली असेल.

दुकानात त्याच कंपनीच्या गाडीचा दुसरा मालक आला की काका हातातली कात्री खाली ठेवून त्याचे अनुभव विचारायचे. अनुभव चांगला असला तर श्रेय कंपनीचं. वाईट असला तर चौकशी सुरू. पेट्रोल कुठलं भरता? रस्ता कसला? घरात आणखी कोण चालवतं? एवढं करून दोष कुणाच्या ना कुणाच्या गळ्यात मारूनच ते सुईत दोरा ओवायचे. त्यांची स्वतःची गाडी एकदा भर रस्त्यात, मुलीच्या परीक्षेच्या दिवशी, ढिम्म उभी राहिली होती. मुलगी रडत रिक्षाने गेली. काकांनी गाडी ढकलली, तीही हातरुमाल मध्ये धरून, म्हणजे रंगाला बोटं लागायला नकोत. घरी आल्यावर म्हणाले, "बंद पडली नाही. थांबली. यात फरक आहे."

गावभरच्या गाड्यांना कव्हरं शिवणाऱ्या या माणसाच्या गाडीत सीटांवर शोरूममधलं प्लॅस्टिक तसंच होतं. इतक्या वर्षांत ते पिवळं पडलं, कडेला तडकलं, पण निघालं नाही. उन्हाळ्यात उतरताना मांड्या सोलवटून निघायच्या. किलोमीटर मोजणारा आकडा कधीतरी अडकून बसला होता, तोही काकांनी दुरुस्त करू दिला नाही. "एवढीच चाललीय असं दिसतं, ते काय वाईट आहे?" आणि सगळ्यात मोठा नियम म्हणजे गाडीला त्यांच्याशिवाय कुणी हात लावायचा नाही, बाईमाणसाने तर नाहीच. बाईचा पाय क्लचवर पडला की क्लच संपला, असं त्यांचं ठाम मत होतं. हे मत त्यांनी लग्नाआधी, मुलगी बघायला आले तेव्हाच, चहा पिता पिता ऐकवलं होतं.

चहाचा ट्रे घेऊन उभ्या असलेल्या काकूंनी तेव्हा वडिलांकडे पाहिलं होतं. वडिलांचा बेकरीचा टेम्पो होता. त्यांची कंबर धरली की पाव पोचवायला तो टेम्पो काकूच काढायच्या, चिखलातून, चढावरून, ब्रेक अर्धाच लागत असताना. वडिलांनी डोळ्यांनीच गप्प बसायला सांगितलं. काकू गप्प बसल्या. त्याचा त्यांना पुढे खूप राग यायचा, वडिलांचाही आणि स्वतःचाही.

मग एका दुपारी काका दुकानात असताना शेजारच्या ताईंच्या सासऱ्यांच्या छातीत कळ आली. ताई धावत काकूंच्या दारात आल्या. काकूंनी खिळ्यावरची किल्ली काढली, कव्हर ओढलं आणि म्हाताऱ्याला दवाखान्यात नेऊन सोडलं. तिथे कळलं की गॅस होता. एक मोठी ढेकर आली आणि आजोबा खडखडीत बरे झाले. पण काकूंचं जे सुरू झालं, ते काही थांबलं नाही.

दुपारची भांडी आवरली की त्या निघायच्या. प्लॅस्टिकवर जुनी चादर अंथरायच्या आणि येताना ती घडी करून सीटखाली सारायच्या. कधी कुणाला दवाखान्यात सोडायच्या, कधी कुणाच्या मुलीला क्लासला. बहुतेक वेळा एकट्याच. गावाबाहेर तलावाकडे जाणारा सरळ रस्ता होता. तिथे काच खाली करायच्या आणि टेम्पो हाणायच्या तशी गाडी हाणायच्या. पोचायचं कुठेच नसायचं. त्या वेळी त्यांना कुणी हाक मारत नव्हतं, कुणी काही मागत नव्हतं. काकू सुखी असायच्या. आठवडाभरात काय काय सोसलं, ते त्या एका फेरीत निवायचं.

अख्ख्या इमारतीला हे ठाऊक होतं. काकांना कुणी सांगितलं नाही. एक तर काकू सगळ्यांच्या उपयोगी पडत. दुसरं म्हणजे काकांशी गाडीचा विषय काढायची कुणाची छाती नव्हती. काका रविवारी कव्हर काढत, किल्ली फिरवत, गाडी लगेच सुरू होई. "बघा! आठवडाभर नुसती उभी, तरी पहिल्या फटक्यात! दुसऱ्या कुणाची असती तर बॅटरी झोपली असती." संपवलेलं पेट्रोल परत भरताना एकदा काकूंच्या हातून जरा जास्त भरलं गेलं आणि रविवारी काटा वर गेलेला दिसला. दुसरा माणूस चक्रावला असता. काका महिनाभर सांगत फिरले की आमच्या कंपनीच्या टाकीत पेट्रोल फुगतं. काकूंनी पदर तोंडाला लावून स्वयंपाकघर गाठलं.

आणि मग शोरूमचा फोन आला.

कंपनीच्या शोरूमची नवी इमारत झाली होती. दर्शनी भागात काचेमागे एक चौथरा होता. त्यावर गावातली सगळ्यात जुनी, चालती गाडी कायमची ठेवायची होती. अट एकच, ती स्वतःच्या पायांनी यायला हवी, ओढून आणलेली चालणार नाही. मालकाचा फोटो, खाली पाटी, आणि बदल्यात एक नवी स्कूटर. काकांच्या डोळ्यांत पाणी आलं. "अगं, आमच्या कंपनीत कायमची जागा मिळतेय!"

"बरं," काकू म्हणाल्या आणि त्यांनी एकच ताट दोनदा घासलं.

गाडी काचेमागे गेली की आपल्या दुपारीही गेल्या, हे त्यांना स्वच्छ कळत होतं. पण सांगायचं कसं? आणि सांगायचं तर काय काय सांगायचं? कार्यक्रमाच्या आदल्या दुपारी त्या खाली गेल्या आणि त्यांनी बॉनेट उघडलं. बॅटरीची एक वायर सैल केली की काम फत्ते. गाडी सुरू होणार नाही, अट मोडेल, शोरूमवाले दुसरी शोधतील. काकूंचा हात वायरवर होता. मग त्यांना वाटलं, आजवर आपल्या हातात ही एकदाही अडली नाही. ह्यांच्या हातात अडली, आपल्या नाही. आणि आता आपणच हिला बंद पाडायची? त्यांनी बॉनेट दाबून लावलं. स्वतःवरच चरफडत त्या जिना चढल्या.

पण घोळ व्हायचा तो दुसरीकडे झालाच. काकांच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनची नेमकी त्याच आठवड्यातली तारीख मिळाली होती आणि ती त्यांनी पुढे ढकलली नव्हती, कारण ऑपरेशनचं यंत्र जपानी आहे असं कुणीतरी सांगितलं होतं. आता एका डोळ्यावर पट्टी, आणि डॉक्टरांनी गाडी चालवायला सक्त मनाई केलेली. जावईबापूंना बोलावलं. ते क्लच नसलेल्या गाडीत वाढलेले. त्यांनी गाडी दोन धक्के देऊन इमारतीच्या फाटकातच बंद केली.

"थांबली," काका पांढऱ्याफटक चेहऱ्याने म्हणाले. "बंद नाही पडली."

"जावईबापू, तुम्ही मागे बसा," काकू म्हणाल्या. "अहो, तुम्ही पण सरका तिकडे."

"अगं, तू? क्लच…"

"सरका म्हणते ना!"

इतक्या वर्षांत हा आवाज काकांनी ऐकला नव्हता. ते सरकले. काकूंनी न बघता सीटखालून चादर ओढली, प्लॅस्टिकवर झटकून टाकली, बसल्या आणि किल्ली फिरवली. दुसरा गिअर टाकण्याआधी किंचित दम खावा लागतो, हे गुपित जगात आपल्या एकट्याला माहीत आहे असा काकांचा समज होता. काकूंनी बरोबर तेवढाच दम खाल्ला. काका उघड्या डोळ्याने त्यांच्या पायांकडे बघत राहिले.

कोपऱ्यावरच्या पेट्रोलपंपावरचा पोरगा हात हलवत ओरडला, "काय काकू, आज काकांना पण फिरायला नेताय?"

मागे जावईबापू खिडकीबाहेर असे बघू लागले, जणू त्यांना दुसऱ्याच कुणी आणलं होतं.

"कधीपासून?" काकांनी विचारलं.

"आपली बाळी शाळेत होती तेव्हापासून."

काकांनी पेट्रोलच्या काट्याकडे पाहिलं. मग म्हणाले, "म्हणजे ते पेट्रोल फुगलं ते…"

"मी भरलं होतं."

"आणि मी दुकानात सगळ्यांना…"

"हो. कळायचं मला."

शोरूममध्ये फिती होत्या, फुगे होते, आणि टाय लावलेला मॅनेजर होता. काकू उतरल्या आणि उभ्या राहिल्या. आता यांना ओरडून घ्यायचं असेल तर घेऊ देत, असं त्यांना वाटलं. वाईट फक्त तलावाच्या रस्त्याचं वाटत होतं. मॅनेजरने काकांच्या हातात माइक दिला. "सर, इतक्या वर्षांनी गाडी अशी टकाटक! रहस्य काय?"

काकांनी माइक तोंडाशी धरला. सवयीने ओठांवर छत्र्यांच्या काड्या आल्या होत्या. त्यांनी एका डोळ्याने काकूंकडे पाहिलं, मग चौथऱ्याकडे, मग पुन्हा काकूंकडे.

"गाडी द्यायची नाही," ते म्हणाले.

"म्हणजे?"

"घरी लागते. दुपारची."

मॅनेजरच्या हातातली कात्री तशीच राहिली. काकूंनी मान खाली घातली, कारण डोळे भरून आले होते आणि लोकांसमोर रडायची त्यांना सवय नव्हती. या माणसाला आपण ओळखलंच नव्हतं की काय, असं त्यांना वाटून गेलं.

ते वाटणं दुसऱ्या दुपारपर्यंत टिकलं.

दुसऱ्या दुपारी काकू भांडी आवरून खाली आल्या, तर काका दुकान बंद करून शेजारच्या सीटवर बसलेले. चादर अंथरलेली, पुस्तिका मांडीवर. "चल! आता लपायचं काय कारण? तू चालव, मी सांगतो." आणि त्यांनी सांगितलं. कोपरा आला, हॉर्न दे. खड्डा आहे. तिसरा टाक. तिसरा टाक म्हणतो ना! जरा सावकाश, आमच्या कंपनीचा ब्रेक नाजूक असतो. तलावाचा सरळ रस्ता लागला, तसा छत्र्यांच्या काड्यांनी इतिहास सुरू झाला. तिसऱ्या दिवशी तेच, चौथ्या दिवशी तेच. दुकानात म्हणे गिऱ्हाइकांना सांगत होते की आमच्या कंपनीची गाडी इतकी समंजस, बायकासुद्धा चालवतात.

पुढच्या आठवड्यात मालकाने नुकतंच अन्न सोडलं होतं, तेवढ्यात काकूंनी गाडी रस्त्याच्या कडेला घेतली.

"काय झालं? बंद पडली?"

"नाही. थांबली. जरा उतरून मागचं चाक बघता?"

काका लगबगीने उतरले, वाकले, चाकाला रुमालाने पुसून पाहिलं. तेवढ्यात काकूंनी हात लांब करून त्यांच्या बाजूचं दार ओढून घेतलं. धप्प! किल्ली फिरली. गाडी निघाली ती सरळ तलावाकडे, काच खाली, टेम्पो हाणल्यासारखी.

काका हातात रुमाल घेऊन उभे राहिले. शेजारी बसची वाट बघत एक गृहस्थ उभे होते. काकांनी लांब जाणाऱ्या गाडीकडे बोट दाखवलं.

"बघितलंत?" ते अभिमानाने म्हणाले. "पहिल्या फटक्यात सुरू झाली."