मागच्या चाकांवरचा माणूस

गाडीच्या बाबतीत काकूंना शहाणपण शिकवायला जाऊ नये, हे तलावावरच्या सगळ्यांना ठाऊक होतं. नवखे जायचे आणि तोंड पोळून परत यायचे. लोकांच्या होड्या पाण्याबाहेर काढायच्या, ट्रेलरवर घालून शेडमध्ये नेऊन ठेवायच्या आणि पुढच्या हंगामात परत पाण्यात सोडायच्या, हा काकूंचा धंदा. वडिलांकडून आलेला, पण वडिलांपेक्षा त्यांनी चार पावलं पुढे नेलेला. ट्रेलर मागे घेताना त्या मानसुद्धा वळवत नसत. आरशात नजर टाकत आणि रुंद होडी अरुंद फाटकातून अशी आत घालत, की फाटकाच्या रंगाला ओरखडा नाही.

त्यांचं एक ठरलेलं वाक्य होतं. कोणी फोर-व्हील ड्राइव्हची गाडी घेतली आणि कौतुकानं दाखवायला आणली, की काकू तिच्याभोवती फेरी मारत, चाकाला हलकीशी लाथ मारत आणि म्हणत, "छान आहे. मला कधी लागली नाही." हे त्यांनी इतक्या जणांना ऐकवलं होतं, की धक्क्यावरची माणसं त्यांची नक्कल करत. नक्कल करताना लाथ विसरत नसत.

बरं, म्हणणं खोटंही नव्हतं. सरळ रस्त्यावर ट्रेलर ओढायला दोन चाकांचा जोर पुरतो. पुढच्या चाकांनाही जोर द्यायचा म्हणजे गाडीच्या पोटात आणखी लोखंड, आणखी डिझेल आणि बिघडायला आणखी जागा. काकूंना नुसतं मिरवायला काही विकत घेणं जन्मात जमलं नव्हतं. दागिन्यांच्या बाबतीतही नाही.

खरी अडचण होती ती एकाच जागी. तलावात उतरणारा काँक्रीटचा उतार वरच्या भागात कोरडा आणि खडबडीत होता. खाली मात्र पाणी जिथे चढतं-उतरतं, तो पट्टा शेवाळानं हिरवागार, साबणासारखा निसरडा. होडी ट्रेलरवर चढली की पिकअपची मागची चाकं नेमकी त्या पट्ट्यावर असायची, आणि ओढायचं काम करणारीही तीच. पुढची चाकं कोरड्यावर ऐटीत उभी, पण त्यांच्याकडे काम काही नाही. घरातही अशी माणसं असतात. मग मागची बिचारी जागच्या जागी गरगरायची आणि गाडी इंचभर पुढे सरकायची नाही.

यावर काकूंचा उपाय म्हणजे काका.

काका म्हणजे काकूंचे यजमान. धंद्यानं शिंपी, पण कपड्यांचे नव्हेत. होड्यांवर घालायची ताडपत्रीची आवरणं ते शिवत. अंगानं असे भरभक्कम, की सगळे त्यांना वजनकाका म्हणत आणि तेही खुशाल ओ देत. होडी ट्रेलरवर बसली की काका पिकअपच्या हौद्यात चढत आणि मागच्या चाकांच्या बरोबर वर, होडीकडे तोंड करून मांडी ठोकत. डावं चाक फिरू लागलं की डावीकडे सरकत, उजवं फिरलं की उजवीकडे. सगळं जागच्या जागी असल्याची खात्री झाली की हौद्याच्या पत्र्यावर दोन थापा मारत. दोन थापा म्हणजे नीघ. एक थाप म्हणजे थांब. त्या दोन थापा ऐकल्याशिवाय काकू क्लच सोडत नसत.

त्यांचं लग्नसुद्धा याच उतारावर जमलं होतं. काकू तेव्हा नुकत्याच वडिलांची पिकअप चालवायला लागल्या होत्या आणि एक होडी शेवाळावर अडली होती. चाकांतून धूर निघतोय, वडील काठावरून सूचनांचा भडिमार करतायत, बघ्यांची फुकटची करमणूक चाललीय. तेवढ्यात एका होडीचं माप घ्यायला आलेला एक जाडजूड शिंपी गळ्यात टेप तशीच ठेवून पुढे आला, कोणालाही न विचारता हौद्यात चढला आणि दोन थापा मारून म्हणाला, "आता बघा." चाकांनी जमीन धरली. गाडी वर आली तोवर तो वडिलांच्या मनात भरला होता. मुलीच्या मनात जरा आधीच भरला होता. काकूंनी नवरा वजन करून घेतला, ही घरातली सगळ्यात जुनी थट्टा.

गेल्या वर्षी काकांच्या पोटाचं मोठं ऑपरेशन झालं. त्यातून ते बरे झाले, पण अंग उतरलं ते उतरलंच. सगळे शर्ट त्यांनी स्वतःच्या हातानं आत घेतले आणि कापड वाचलं म्हणून बायकोला हिशेब दाखवला. त्यांची मुलगी नर्स होती. तिनं आईला स्पष्ट सांगितलं, की बाबांनी आता हौद्यात चढायचं नाही, जुनी पिकअप थकलीच आहे, तर या वेळी फोर-व्हील घे. काकूंनी तिलाही ते ठरलेलं वाक्य ऐकवलं. मुलगी म्हणाली, ते गिऱ्हाइकांसाठी ठेव. पण हंगाम संपला, होड्या काढायचे दिवस आले आणि काका हसत हसत हौद्यात चढले. चढताना त्यांना दोन्ही हातांनी कडा धरावी लागली. काकूंनी ते आरशात पाहिलं आणि न पाहिल्यासारखं केलं.

लहान होड्या निघाल्या. मग आली दातांच्या डॉक्टरांची शिडाची होडी, तलावातली सगळ्यात जड. दोन थापा पडल्या, काकूंनी गाडी उचलली आणि मागची चाकं भिरभिरली. काका डावीकडे सरकले, उजवीकडे सरकले. चाकांना त्याचं काही वाटलं नाही. गाडी आधी थबकली, मग हळूच मागे जाऊ लागली. काकूंनी ब्रेक दाबून धरला, पण तोवर पुढची चाकंही शेवाळावर आली होती. गाडी तशीच पाण्याकडे निघाली, आणि आरशात काकूंना नवऱ्याची पाठ दिसत होती, त्यापलीकडे होडी आणि त्यापलीकडे नुसतं पाणी. ट्रेलर तिरका होऊन बाजूच्या कठड्याला अडकला म्हणून सगळं थांबलं. काका खाली उतरले आणि जमलेल्या माणसांना म्हणाले, "तलावाला आमची आठवण आली होती." सगळे हसले. काकूंना हसता आलं नाही. स्टिअरिंगवरचे त्यांचे हात सुटता सुटत नव्हते.

डॉक्टरांची होडी परत पाण्यात सोडली. वाऱ्याचे दिवस लागायच्या आत ती बाहेर यायलाच हवी होती. नवी गाडी घ्यायची हे आता पक्कं झालं. प्रश्न एवढाच उरला, की दोन चाकांच्या जोराची की चार?

काकू शोरूममध्ये गेल्या. तिथला विक्रेता चिखल, वाळू आणि डोंगर यांबद्दल बोलायला लागला, तेव्हा त्यांनी त्याला मध्येच थांबवलं. डोंगर त्यांच्या वाटेत येत नव्हता. त्यांना चार चाकांचा जोर हवा होता तो एका गाडीच्या लांबीएवढ्या जागेपुरता, आणि तेवढ्यासाठी बाकीचं वर्षभर ते लोखंड वागवायचं का, हा त्यांचा सवाल होता. विक्रेता म्हणाला, चार चाकांची गाडी घसरत नाही. काकू म्हणाल्या, ब्रेक चारही चाकांना माझ्या जुन्या गाडीलाही होते, आणि ती घसरली. विक्रेत्यानं माहितीपत्रक पुढे सरकवलं. उत्तर काकूंनाच सुचलं, घरी परत येताना. घसरण हा प्रश्नच नव्हता. मागची चाकं रिकामी फिरली म्हणून घसरायची वेळ आली. त्याच क्षणी पुढच्या चाकांनी कोरड्या काँक्रीटवरून ओढलं असतं, तर ब्रेकवर पाय द्यावाच लागला नसता.

तरी त्यांनी आणखी एक उपाय करून पाहिला. हौद्यात वाळूची पोती भरली, काकांच्या जुन्या वजनापेक्षा थोडी जास्तच, आणि लोखंडी सामानानं भरलेला ट्रेलर उतारावर नेऊन पाहिला. अर्ध्यापर्यंत गाडी छान आली. मग डावं चाक फिरू लागलं, आणि पोती काही डावीकडे सरकली नाहीत. पोत्यांना काय कळणार? काका काठावर उभे होते. आपल्या जागेवर बसलेल्या त्या पोत्यांकडे ते बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "पोती बरी आहेत. जेवायला मागत नाहीत." आणि शेडकडे चालू लागले. एवढी वर्षं हा माणूस आपल्या वजनाच्या थट्टेवर स्वतः हसत आला होता. आज पहिल्यांदाच ती थट्टा करताना तो हसला नव्हता.

गाडी चार चाकांचीच घ्यायची, हे काकूंच्या मनानं तिथेच घेतलं. दोन चाकांची घेतली तर काका हौद्यात चढणार, त्यांना कोणी अडवू शकणार नाही, आणि पुढच्या वेळी कठडा मध्ये येईलच असं नाही. पण चार चाकांची घ्यायची म्हणजे नवऱ्याला तोंडावर सांगायचं, की ज्या जागेवरून तुम्ही माझ्या आयुष्यात आलात, ती जागा आता उरली नाही. त्याचं काय करायचं, हे कोणत्याही शोरूममध्ये कळणारं नव्हतं. गाडीच्या बाबतीत कोणालाही न विचारणारी ही बाई दुसऱ्या दिवशी सकाळपासून घरभर नुसत्या येरझारा घालत होती.

शेवटी त्या शेडमध्ये गेल्या. काका मोठ्या मशीनवर ताडपत्रीची जाड शिवण घालत होते. काकूंनी आडवळणानं सुरुवात करायची ठरवलं होतं, डिझेलपासून. पण आडवळण त्यांच्या स्वभावातच नव्हतं.

"अहो, मी फोर-व्हील घेतेय."

मशीन थांबलं. काकांनी सुई वर केली, कापड मोकळं केलं.

"घे."

"घे काय? तुम्हाला काहीच वाटत नाही?"

काका शिवणीवरून अंगठा फिरवत राहिले. "खरं सांगू? मला तिथे बसायची भीती वाटते. आजची नाही. ऑपरेशननंतर पहिल्यांदा बसलो ना, तेव्हापासून. पूर्वी गाडी थरथरली तरी मला ठाऊक असायचं, मी बसलोय, ही कुठे जात नाही. आता मी बसलो तरी ती जाऊ शकते, हे मला बसल्या बसल्या कळतं."

"मग इतके दिवस मिठाची गुळणी धरून का बसला होता?"

"तू सगळ्या जगाला सांगत होतीस, मला कधी लागली नाही म्हणून. मी कुठल्या तोंडानं सांगू, की आता लागते?"

काकू ताडपत्रीच्या ढिगावर मटकन बसल्या. आपण नवऱ्याचा मान जपतोय, असं त्या समजत होत्या. आणि हा माणूस त्यांचा तोरा सांभाळायला जिवावर उदार होऊन शेवाळावर बसत होता. त्यांना त्याचा राग आला, स्वतःचा त्याहून जास्त आला, आणि मग डोळे भरून आले ते त्यांनी पदरानं नाही, हाताला लागलेल्या ताडपत्रीच्या तुकड्यानं पुसले. काका म्हणाले, अगं, ती खरखरीत आहे. तेव्हा कुठे त्यांना हसू फुटलं.

"लागत होतीच," त्या म्हणाल्या. "पहिल्या दिवसापासून लागत होती. फक्त ती तुमच्यात बसवलेली होती."

नवी पिकअप आली, तेव्हा डॉक्टरांची होडी काढायला धक्क्यावर नेहमीपेक्षा जास्त गर्दी होती. काकूंना फोर-व्हीलमध्ये बघायची संधी कोण सोडणार? एका आगाऊ माणसानं पुढे येऊन चाकाला हलकीशी लाथ मारली आणि म्हणाला, "छान आहे." पुढचं वाक्य मात्र त्यानं काकूंचा चेहरा बघून गिळलं. काका सवयीनं हौद्याकडे गेले, कडेवर हात ठेवून क्षणभर उभे राहिले. काकूंनी आतून शेजारचं दार उघडलं.

"इकडे बसा."

काका पुढे येऊन बसले. त्यांना ही जागा जमेना. इथून होडी दिसत नाही, अशी त्यांची तक्रार होती. काकूंनी आरशात बघायला सांगितलं. काका म्हणाले, आरशात सगळं उलटं दिसतं, माणसानं विश्वास ठेवायचा तरी कशावर? गाडी मागे गेली, ट्रेलर पाण्यात उतरला, डॉक्टरांनी होडी त्यावर आणून पट्टे आवळले आणि काठावर जाऊन हात वर केला. काकूंनी बटण फिरवलं. समोर चार चाकांचा छोटा दिवा लागला.

सगळं तयार होतं. गाडी मात्र निघेना.

डॉक्टरांनी पुन्हा हात वर केला. काठावरून कोणीतरी विचारलं, काय झालं, बंद पडली का? इंजीन तर चालू होतं. काकू दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवून समोरच्या कोरड्या उताराकडे बघत होत्या. पाय ब्रेकवर होता आणि काही केल्या तो उचलवत नव्हता. काकांनी आधी दिव्याकडे पाहिलं, मग बटणाकडे, मग बायकोकडे. मग त्यांच्या लक्षात आलं.

त्यांनी खिडकीची काच खाली केली, हात बाहेर काढला आणि दाराच्या पत्र्यावर दोन थापा मारल्या.

काकूंनी ब्रेकवरचा पाय काढला.