झाफिरोवहिनीचा किल्ला

आमच्या गावामागच्या डोंगरावर जुना किल्ला आहे. आहे म्हणजे, होता. आता नुसते दगड. ते बघायला लांबलांबून माणसं यायची आणि पायथ्याच्या कॉफीच्या दुकानात माझी झाफिरोवहिनी त्यांच्यावर जगायची. जन्म इथं गेला, पण स्वतः कधी वर चढली नाही. पाहुण्यांना मात्र छातीठोक सांगायची, "हे काय, इथंच तर आहे! गेलात नि आलात!" मग ती माणसं लालबुंद होऊन उतरायची आणि तिच्या कॉफीवर, चेरीच्या मुरंब्यावर तुटून पडायची. माझा भाऊ गेल्यापासून त्या चढणीनेच तिला पोसलं.

अशात बातमी आली, डोंगराच्या मागून थेट वरपर्यंत गाडीरस्ता होणार. वहिनीचं धाबं दणाणलं. गाड्याच वर जायला लागल्यावर खाली कोण कुत्रं थांबणार?

पाहणीला शहरातून एक अधिकारी बाई आल्या. वहिनीने कंबर कसली. "भावजी, मीपण चढते. म्हातारी चढते म्हटल्यावर रस्ता हवाच कशाला?"

"वहिनी, तुमचे गुडघे?"

"गुडघे गेले खड्ड्यात! इथं दुकान चाललंय!"

चढली बिचारी. मेरीमातेचा धावा करत, मधूनमधून मला शिव्या घालत. वर पोचल्यावर तिने चौफेर पाहिलं. पडक्या भिंती, काटे, शेळ्यांच्या लेंड्या. आणि त्या दगडांबद्दल आयुष्यात पहिल्यांदाच खरं बोलली.

"अगं बाई, हे? यासाठी रस्ता? अहो ताई, इथं बघण्यासारखं आहेच काय?"

बाईंना पटलं. जरा जास्तच पटलं. रस्ता रद्द झाला, गावाने वहिनीला डोक्यावर घेतलं. थोड्याच दिवसांत कामगार आले आणि हमरस्त्यावरची किल्ल्याची पाटीही उखडून घेऊन गेले. बघण्यासारखं काही नाही, तर पाटी कशाला?

त्यानंतर पाहुणे आटले. मी चिडून म्हणालो, "थोडं कमी खरं बोलला असतात तर?" वहिनीने कोपऱ्यातली काठी उचलली.

आता ती रोज काठी टेकत किल्ल्यावर चढते. शत्रू येतोय का म्हणून पूर्वज जिथून बघायचे, तिथं बसून हमरस्त्याकडे डोळे लावते. परवा वरून ओरडली, "भावजी, गाडी वळली! कॉफी टाका!"

मी धावत जाऊन टाकली. गाडी आली, दुकानापुढे वळवून घेतली आणि आल्या वाटेने निघून गेली. वाट चुकली होती.

वहिनी उतरेपर्यंत कॉफी गार झाली. दोघांनी तीच प्यायली.