काकांचं मनगट

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला मी रोह्याच्या एका केमिकल कंपनीच्या प्रयोगशाळेत लागले. पेणच्या रामवाडीहून रोज एस.टी.नं यायचे. शिफ्ट सुटल्यावर परतीच्या गाडीला पाऊण तास असायचा. तेवढा वेळ मी कंपनीच्या क्लबात टेबल टेनिस खेळू लागले. कॉलेजात खेळलेली असल्यामुळे बऱ्याच जणांना हरवायचे. बॉयलरवरचे काका मात्र हाती लागत नसत.

काका खाडीकाठचे, मिठागरात राबणाऱ्या घरातले, पन्नाशी गाठलेले. पळापळ अजिबात नाही. पण त्यांची सर्व्हिस! एकदा चेंडू माझ्या बॅटला लागून जाळीत जायचा. पुढच्या वेळी, अगदी तशाच दिसणाऱ्या सर्व्हिसवर, टेबलाबाहेर उडायचा.

"चेंडू आल्यावर तू जागी होतेस गो," एकदा ते म्हणाले. "माझं मनगट बघ. बॅट चेंडूला लागते ना, तेवढंच. नंतरचे हातवारे तुला फसवायला हायत."

दीडेक महिना मी हरत राहिले आणि बघत राहिले. हळूहळू दिसायला लागलं. बॅट चेंडूच्या खालून घासत गेली, की आपली बॅट थोडी उघडी, म्हणजे वरच्या बाजूला कललेली, धरून चेंडू नुसता ढकलायचा. खालून वर घासत गेली, की बॅट पुढं झुकवायची. मी त्यांच्याकडून एखादा गेम काढू लागले, मग दोन. लोक टाळ्या वाजवत.

एका सोमवारी मी फारच सहज जिंकले. हातवारे तेच होते, पण चेंडू घासलाच जात नव्हता. ऐन क्षणी काकांची पकड सैल पडत होती.

बोलावं का? ते वडिलांच्या वयाचे. आणि खरं सांगायचं तर जिंकणं मला आवडत होतं. मंगळवारी, बुधवारीही जिंकले.

गुरुवारी राहवलं नाही. "काका, हात दुखतो का?"

"कोण बोललं?"

"कुणी नाही. दिसलं मला."

ते जरा वेळ बॅट पुसत राहिले. "बोटं बधिर होतात. घरी सांगितलं नाय अजून. तुला कधी कळलं?"

"सोमवारी."

"आज गुरुवार हाय," एवढंच ते म्हणाले. रागानं नव्हे, पण मला मान वर करता येईना.

पेणला आमच्या ओळखीचे एक डॉक्टर होते, त्यांच्याकडे मी काकांना नेलं. मनगटात शीर दबली होती. छोटं ऑपरेशन झालं, बोटं सुधारली. उजव्या हाताची ती फिरकी मात्र परत आली नाही. याचं त्यांना किती वाईट वाटलं ते कळलं नाही. मी विचारलंही नाही.

पुढं ते डाव्या हातानं खेळू लागले. साधी सर्व्हिस, कुणीही परतवावी अशी. हरायचे, आणि हरल्यावर जिंकणाऱ्यालाच त्याच्या चुका समजावत बसायचे. मी तिथं होते तोवर त्यांचा एक दिवसही चुकला नाही.