घर सोडलं, एवढंच म्हणालो होतो

आमचं घर का विकलं जात नाही, हे सांगणाऱ्यांची मला कधी वाण पडली नाही. एजंट म्हणाला, भिंती पिवळ्या आहेत, पांढऱ्या करा. पुण्याहून मेहुण्याने फोनवर देवघराची दिशा काढली. इथेच, म्हैसूरच्या सरस्वतीपुरममध्ये राहणारा माझा एक सहकारी म्हणाला, दुपारी घर दाखवू नका, हॉल तापतो. आम्ही सगळं केलं. भिंती पांढऱ्या केल्या, देवघर हलवलं, लोकांना सकाळी बोलावलं. येणाऱ्याला हे घर आपलं वाटलं पाहिजे म्हणून एजंटने भिंतीवरचे आमचे फोटो उतरवायला लावले. त्यात आईचाही होता. तो मीच उतरवला आणि गप्प राहिलो. गप्प राहणं मला जमतं.

लोक यायचे, त्यांना घर आवडायचं. एक बाई तर स्वयंपाकघरात फ्रिज कुठे ठेवायचा ते ठरवूनही गेल्या. मग मंडळी गल्ली बघायला म्हणून बाहेर पडायची, समोरच्या घराशी थांबायची, दोन शब्द बोलायची. त्यानंतर आमचे फोन उचलले जायचे नाहीत.

शेवटी एजंटनेच तोंड उघडलं. त्याचा चेहरा फसवल्या गेलेल्या माणसासारखा होता. तुमच्या आईंचं नक्षत्र बरं नव्हतं हे मला आधी सांगायला हवं होतं सार, असं तो म्हणाला.

मला काही कळेना. मग त्याने समजावलं. आपल्याकडे महाराष्ट्रात पंचक लागलं की शांती करून मोकळे होतात. इकडे वाईट नक्षत्रावर घरात कोणी वारलं, तर काही महिने घराला कुलूप लावून सगळे बाहेर राहतात. त्याला म्हणतात ‘मने बिडोदु’, म्हणजे घर सोडणं. आमच्याविषयी गल्लीत हेच पसरलं होतं. आणि पसरवणारा मीच होतो.

झालं होतं ते असं. आईचं तेरावं झाल्यावर आम्ही दोघं नवराबायको गोकुलमला लिफ्ट असलेल्या फ्लॅटमध्ये राहायला गेलो. बायकोचे गुडघे गेलेत, मुलगा परदेशात, घर विकायचं आधीच ठरलेलं होतं. सामान टेम्पोत चढत असताना समोरच्या आजीबाई फाटकाशी आल्या आणि काय चाललंय म्हणून विचारू लागल्या. माझं कन्नड वीस वर्षांनंतरही असं आहे की मी मनात मराठी वाक्य करतो आणि एकेक शब्द बदलून बाहेर काढतो. ‘घर सोडलंय’ असं मनात आलं, तोंडातून निघालं, ‘मने बिट्टिद्दीवि’. त्यांनी गालावर हात ठेवला आणि मागे सरल्या. मला वाटलं, आईच्या आठवणीने.

एजंटने उलगडा केला तेव्हा मी हसलो. दुसऱ्या दिवशी जाऊन गैरसमज दूर करता आला असता, एका वाक्याचं काम होतं. मी गेलो नाही. का गेलो नाही, हे मी बायकोलाही सांगितलं नव्हतं. आता सांगतो.

आई जाण्याच्या काही महिने आधी हाच एजंट पहिल्यांदा घर बघायला आला होता. आई पुढच्या खोलीत खिडकीशी पडून असायची. खिडकीबाहेर करंजाचं झाड, पलीकडे समोरच्या आजीबाईंचं फाटक. त्या दोघींची मैत्री विलक्षण होती. ही साताऱ्याकडची मराठी बोलायची, त्या कन्नड, आणि तासन्‌तास बोलायच्या. तर एजंट हॉलमध्ये उभा राहून, आवाज न उतरवता, घर रिकामं कधी मिळेल असं विचारत होता. मी आईच्या खोलीकडे पाहिलं आणि म्हणालो, ‘बेग’. लवकर. कन्नडमध्ये म्हणालो, म्हणून सुरक्षित वाटलं.

संध्याकाळी औषध द्यायला गेलो तर आई खिडकीबाहेर बघत होती.

“बेग म्हणजे लवकर ना रे?”

मी हो म्हणालो.

“तेवढं येतं मला,” ती म्हणाली. “समोरची रोज सुनेवर ओरडते, बेग बा, बेग बा.”

त्यानंतर ती बरेच दिवस होती. रोज काही ना काही बोललो, फक्त हे सोडून.

म्हणून ती अफवा मला सोयीची पडली. घर अडलंय ते तिच्या मरणाच्या वेळेमुळे असं गल्ली म्हणत होती, आणि तसं असलं की माझ्या एका शब्दाकडे कोणाला बघायचं कारण नव्हतं. मेलेल्या बाईवर ढकलून मी नामानिराळा राहिलो. गिऱ्हाइकं परत जात राहिली आणि मी बायकोला म्हणत राहिलो की मार्केट मंद आहे.

एजंटकडे उपाय तयार होता. “सार, हॉस्पिटलमध्ये गेल्या म्हणा. सगळे असंच म्हणतात.”

तेव्हा पहिल्यांदा मला राग आला. आईने हॉस्पिटल नको म्हणून हट्ट धरला होता, घरात, त्या खिडकीशी गेली, सकाळी, चहा अर्धा पिऊन. तिने शेवटी मिळवलेली एवढी एक गोष्ट, तीही मी घर विकायला खोडून टाकायची? मी त्याला नाही म्हणालो. तो म्हणाला, मग घर विकलं जाणार नाही. म्हटलं, न जाऊ दे.

बायकोला सगळं शेवटी एजंटकडूनच कळलं. तिचा मार्ग मधला होता. पंचांग काढून बघू या, ती म्हणाली, नक्षत्र चांगलंच असेल, मग गल्लीत सांगून टाकू. शहाणपणाचं होतं, आणि तरी मी अडून बसलो. चांगलं निघालं म्हणून आईला निर्दोष ठरवायचं, म्हणजे ज्यांचं वाईट निघतं त्यांच्या आया दोषी असं मान्य करायचं. माझी आई कोणाच्या परवानगीने मेली नाही. बायकोला हे पटलं नाही. “तुझा हट्ट आहे हा, तत्त्व नाही,” ती म्हणाली. तिला मग मी ‘बेग’चं सांगितलं. तिने उठून कपाटातला आईचा फोटो काढून माझ्या हातात दिला.

तो मी त्या घरी जाऊन जुन्याच खिळ्यावर लावला, पांढऱ्या भिंतीवर, दारातून दिसेल असा. समोरच्या आजीबाईंकडे गेलो आणि मोडक्या कन्नडमध्ये सांगितलं की मी चुकीचं बोललो होतो, आम्ही नुसते राहायला दुसरीकडे गेलो. मग नक्षत्र कोणतं होतं, त्यांनी विचारलं. पाहिलं नाही, पाहणारही नाही, मी म्हणालो. त्या चिडल्या. पण आत जाऊन कॉफी घेऊन आल्या.

पुढे जो येईल त्याला मी चपला काढायच्या आधीच सांगायचो, माझी आई याच घरात गेली. एजंट कपाळाला हात लावायचा. काही जण दारातूनच वळले. एकाने शांती करून देता का विचारलं, मी नाही म्हणालो, तोही गेला. मला वाईट वाटलं नाही. उलट मान ताठ होत चालली होती.

मग एक सत्तरीच्या बाई आल्या, मुलाबरोबर. माझं नाव ऐकून मराठीतच बोलू लागल्या. “आमची मराठी चालंल का हो? अर्धी कन्नडच ती.” त्यांच्या घराण्यातले कोणी फार पूर्वी म्हैसूरच्या पलटणीत आले आणि इथलेच झाले. मी माझं नेहमीचं वाक्य म्हटलं. त्या थांबल्या.

“कुठल्या खोलीत?”

मी दाखवली. त्या खिडकीच्या कट्ट्यावर बसल्या, करंजाकडे बघत राहिल्या.

“नक्षत्र?”

“पाहिलं नाही.”

“हौदा?” म्हणजे, खरंच का. मग त्या हसल्या. “आमचे मिस्टर नळ्या लावून गेले, अल्वा, नाही का, काचेच्या पलीकडं. मला तसं नको. मरायला बरं आहे घर हे.”

मुलगा “सुम्निरम्मा” करून त्यांना गप्प करू लागला आणि मला म्हणाला, आधी शांती करून घेऊ, मग बोलू.

“शांती मी गेल्यावर कर, एकदमच,” त्या म्हणाल्या. “दोनदा भटजी कशाला?”

मुलगा एजंटबरोबर गच्ची बघायला गेला. का कोण जाणे, मी त्यांना ‘बेग’चं सांगितलं. अनोळखी बाईला, उभ्या उभ्या. घेण्याआधी त्यांना ते माहीत असावं असं वाटलं.

“ऐकलं असणारच,” त्या म्हणाल्या. “आम्हाला ऐकू येत नाही असं तुम्हीच ठरवता.” थोड्या वेळाने म्हणाल्या, “रात्री जेवल्या का मग?”

“भाकरी मागितली. बायको बाहेर गेली होती, मीच केली.”

“जमली?”

“करपली.”

“खाल्ली?”

“खाल्ली.”

त्या पुढे काही बोलल्या नाहीत, आणि तेच बरं केलं. आईने मला माफ केलं असं कोणी सांगितलं असतं तर मी मानलं नसतं. आजही मानत नाही. तो शब्द माझा आहे, तो माझ्याकडेच राहील. तिच्या नावावर मात्र आता काही नाही.

घर त्यांनी घेतलं, शांती न करता. किल्ली देऊन, आईचा फोटो पिशवीत घालून मी बाहेर पडलो तेव्हा समोरच्या आजीबाई फाटकाशी होत्याच. काय झालं, त्यांनी विचारलं. मी या वेळी शब्द आधी नीट जुळवला.

“मने कोट्टिद्दीवि.” घर दिलं.

नक्षत्राचं काय, त्यांनी शेवटचं विचारून पाहिलं. मी मान हलवली.

“इल्ला,” म्हणालो. नाही.